डावी भिंत झाली

१

टबात चोवीस टाइल्स भिजत घातल्या होत्या. मंगळवारी सकाळी तिने मोजल्या, तर बावीस भरल्या.

आता टाइल्स म्हणजे काही मासे नव्हेत, टबातून उडी मारून पळायला. आणि त्या मोजायच्याच कशाला, असंही एखादा शहाणा माणूस विचारील. पण ती मोजायची. गॅस बंद आहे का हे तीनदा बघणारी, कुलूप लावून जिना उतरल्यावर ते ओढून बघायला पुन्हा वर येणारी मुलगी ती. घरात चोवीस नग पाण्यात पडलेत आणि आपण ते मोजलेले नाहीत, या विचाराने तिला घास गेला नसता.

बाबा तिला ससा म्हणायचे. लाडात आले की ससुल्या. कुकरच्या शिट्टीला ती दचकायची, दारावरच्या बेलला दचकायची, आणि एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली होती. एम. ए. झाली तरी त्यात फरक पडला नाही. शिकून भीती जात नाही, फक्त घाबरायला नवे विषय मिळतात, असं तिचं स्वतःचंच मत होतं.

तिने पुन्हा मोजल्या, या वेळी बोट लावून. बावीस. मग तिने भिंतीकडे पाहिलं. जुन्या टाइल्स फोडून झाल्यावर उघडं पडलेलं राखाडी प्लास्टर, त्यावर छिन्नीचे ओरखडे, आणि नळाचा जुना पाइप काढला होता तिथे रुपयाएवढं भोक. नवी टाइल एकही नव्हती.

मिस्त्री शुक्रवारी आला होता. त्याने दिवसभर तोडफोड केली, संध्याकाळी टाइल्स भिजत घातल्या आणि "सिमेंट घेऊन आलोच" म्हणून गेला. त्या 'आलोच'ला आता चार दिवस झाले होते. तेव्हापासून घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

शुक्रवारी आपलंच मोजायला चुकलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण शुक्रवारीही तिने तीनदाच मोजल्या होत्या.

२

बाथरूम बाबांच्या खोलीतलं. त्याच्या दाराशी चार बोटं उंच उंबरा होता. त्यालाच अडखळून तीन आठवड्यांपूर्वी बाबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता उंबरा काढायचा, जमीन न घसरणारी करायची आणि भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात दुसरी मोरी होती, पण ती इतकी चिंचोळी की वॉकर घेऊन आत गेलेला माणूस वॉकर सोडल्याशिवाय बाहेर येऊ शकला नसता.

शनिवारी बाबांना घरी सोडणार होते.

"तोवर झालं नाही ना, तर मी त्यांना थेट माझ्याकडे नेणार," ताईने बजावलं होतं. ताई म्हणजे थोरली बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं मोठं घर होतं, आणि तिच्या तोंडून निघालेलं वाक्य सहसा ठरावासारखं पास होई. "आणि एकदा नेलं की नेलं. सारखी ने-आण नाही करायची म्हाताऱ्या माणसाची. तुला नाही झेपायचं गं हे सगळं. वाईट वाटून घेऊ नकोस."

तिला वाईट वाटलं. कारण आदल्या दिवशी दवाखान्यात बाबांनी तिचा हात धरून हळूच सांगितलं होतं, "मला घरी ने. ताईकडे सगळं आहे, पण तिथे मी पाहुणा."

आणि दुसरंही एक कारण होतं, जे ताईला माहीत नव्हतं. बाबा पडले तेव्हा ती बाहेर हॉलमध्ये होती. धप्पकन आवाज आला, पाठोपाठ हाक आली, "ससुल्या!" आणि ती जागच्या जागी थिजली. ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पुन्हा हाक आली. एकूण पाच हाका. पाचव्या हाकेनंतर तिचे पाय हलले. मधे चार मिनिटं गेली होती.

बाबा त्याबद्दल कधीही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

३

बुधवारी टबात एकोणीस होत्या. ती टाइल्सच्या दुकानात गेली. हा मिस्त्री दुकानदारानेच सुचवला होता.

"आलोच मिस्त्री ना?" दुकानदार हसला. "हात सोन्याचा आहे हो त्याचा. फक्त तो हात जागेवर आणणं अवघड."

"पाच दिवसांत आलेच नाहीत ते."

"तुम्ही ओरडलात का?"

"मी मेसेज केला."

"काय केला?"

तिने फोन पुढे केला. 'नमस्कार. सवड मिळाल्यास कृपया येऊन जावे. घाई नाही.' आणि पुढे हात जोडल्याची दोन चित्रं.

दुकानदाराने तो मेसेज एखादी तडा गेलेली टाइल बघावी तसा निरखून बघितला. "ताई, ऐका माझं. मिस्त्री एका वेळी दहा घरांची कामं धरतो. रोज सकाळी उठून विचार करतो, आज जायचं कुणाकडे? तर ज्या घरचं माणूस काल सगळ्यात जास्त ओरडलं, त्याच्याकडे. हा धंद्याचा नियम आहे. तुम्ही घाई नाही म्हणालात, तर तुमचा नंबर येणार कधी? झाडा त्याला चांगला."

ती घरी आली. बाबांच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली, दीर्घ श्वास घेतला आणि मिस्त्रीला फोन लावला. सातव्या रिंगला, नवल म्हणजे, त्याने उचलला.

"हां ताई."

"मिस्त्री, मी काय म्हणत होते... तुम्ही... म्हणजे आज कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडेच आहे की."

"माझ्याकडे?"

"बाथरूममध्ये. डावी भिंत झाली, आता उजवी घेतो. तुम्ही आत्ताच नाही का पाणी देऊन गेलात?"

ती बाथरूमच्या मधोमध उभी होती. डावीकडे प्लास्टर, उजवीकडे प्लास्टर, पायाशी टब. अशा वेळी दुसऱ्या कोणीही त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. पण समोरचा इतका बिनधास्त खोटं बोलतोय, तर आपण त्याला खोटं पाडलं तर त्याला किती ओशाळल्यासारखं होईल, हा विचार तिच्या मनात आधी आला.

"बरं, बरं," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

फोन ठेवल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. मग खाली वाकून मोजल्या. अठरा. ती दुकानात गेली तेव्हा एकोणीस होत्या.

४

त्या दिवसापासून तिने झाडायचा सराव सुरू केला. सराव करायला बाथरूमची डावी भिंत बरी होती. भिंत उलट बोलत नाही. मोरीतला नळ सोडून द्यायचा, म्हणजे शेजारीपाजारी ऐकू जाणार नाही, आणि भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं.

"हे बघा मिस्त्री," ती कुजबुजायची, "तुम्ही स्वतःला समजता कोण? इथे एक म्हातारा माणूस घरी यायचाय. उद्या सकाळी नऊच्या ठोक्याला तुम्ही मला इथे दिसला नाहीत तर... तर मला फार वाईट वाटेल." नाही, हे काढायचं. "...तर तुमची हत्यारं मी खिडकीतून खाली फेकीन!" हे वाक्य तिला इतकं आवडलं की ते तिने भोकाजवळ तोंड नेऊन दोनदा म्हटलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता आवाज सुरू झाला.

ठक. ठक ठक. मग पाठोपाठ खरवडल्यासारखं काहीतरी. शुक्रवारी मिस्त्रीने जमिनीवर एक टाइल नमुन्याला ठेवून दाखवली होती, तेव्हा ती हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत तो म्हणाला होता, "पोकळ बसली की डबडब वाजते, भरीव बसली की ठक." हा आवाज ठक होता. अगदी भरीव. आणि तो डाव्या भिंतीतून येत होता.

वरच्यांचं काम चालू असेल, ती मनाशी म्हणाली. पण वर गच्ची होती. मग शेजारच्यांचं असेल. पण डावी भिंत म्हणजे इमारतीची शेवटची भिंत. तिच्या पलीकडे शेजारी नव्हता, तिसऱ्या मजल्याची हवा होती. तरीही ती चपला घालून खाली उतरली, इमारतीला वळसा घालून मागे गेली आणि मान वर करून बघितलं. रंग उडालेली भिंत. सांडपाण्याचा एक पाइप. पाइपावर एक कबुतर. कबुतराकडे हातोडी नव्हती.

तेव्हा तिला मिस्त्रीचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. त्याने भिंतीला ओळंबा लावला, एक डोळा मिटून त्या दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "ही भिंत इकडून वाकडी आहे ताई. पलीकडून सरळ असणार." तेव्हाही ती मान डोलावून "हो का?" म्हणाली होती. पलीकडून म्हणजे कुठून, असं विचारणं तिला आगाऊपणाचं वाटलं होतं.

वर आली तेव्हा आवाज थांबला होता. टबात अकरा होत्या, आणि पाणी अजून हलत होतं.

५

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. या काकूंना कुणाच्या घरात काय चाललंय ते त्या घरातल्यांच्याही आधी कळायचं.

"जोरात चाललंय हं काम!" त्या म्हणाल्या. "सकाळी नऊला सुरू, की संध्याकाळी सहापर्यंत. असा मिस्त्री मिळायला नशीब लागतं."

"आवाजाचा त्रास होत असेल ना काकू. माफ करा हं." तिने सवयीने माफी मागून टाकली.

"छे गं, त्रास कसला. चार दिवसांचं काम. आणि आवाजाचं म्हणशील तर..." काकूंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. "तुझा केवढा मोठा आहे गं! बुधवारी दुपारी कसलं झापलंस त्याला! हत्यारं खिडकीतून फेकीन म्हणालीस ना? मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. इतकी वर्षं मला वाटायचं तू मुकीच आहेस."

"मी... मी तर हळू बोलले होते काकू."

"ते हळू? मग जोरात बोलशील तेव्हा प्लास्टर पडेल माझं." काकू हसत हसत दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "छान वाटतं पण ऐकून. अशीच राहा."

वर येऊन ती बराच वेळ हॉलमध्ये बसून राहिली. तिने नीट, क्रमवार, एम. ए. झालेल्या माणसाला शोभेल असा विचार करायचा प्रयत्न केला. नळाच्या पाइपातून आवाज मोठा होऊन खाली जात असेल. पाइप हे कर्ण्यासारखं काम करू शकतात. टाइल्स पाणी पिऊन विरघळत... नाही, टाइल्स विरघळत नाहीत. मग तिने ताईला फोन केला.

"ताई, टाइल्स कमी होतायत."

"फुटल्या?"

"नाही. कमी होतायत. रोज."

पलीकडे ताईने मोठा सुस्कारा सोडला. "उंदीर नेत असतील."

"ताई!"

"मग काय बोलू? अगं, मला एकच सांग, शनिवारपर्यंत होतंय का?"

भिंतीतून पुन्हा ठक ठक सुरू झालं होतं, आणि ते फोनमधून ताईला ऐकू गेलं.

"अरे वा, चाललंय की काम!" ताईचा सूर एकदम मऊ झाला. "मग रडतेस कशाला वेडे? बरं, शनिवारी अकरापर्यंत आणते बाबांना. तू घरीच थांब. खोली आवरून ठेव."

नाही म्हणायची हीच वेळ होती. तिला ते कळत होतं.

"बरं," ती म्हणाली.

६

शुक्रवारी दुपारी टबात एकच टाइल उरली होती. बाकीच्या टाइल्सचे न फोडलेले खोके बाल्कनीत होते, तेही तिने उचलून पाहिले. चिकटपट्ट्या जशाच्या तशा, पण खोके पिसासारखे हलके. दांड्यांचा खोकाही तसाच.

चारच्या सुमाराला मिस्त्रीचा मेसेज आला. त्याने पाठवलेला पहिलावहिला. 'ताई एक टाइल कमी पडते. भोकावरची. बघा तुमच्याकडे आहे का.'

तिने ती टाइल टबातून काढली, कोरडी पुसली, टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. कुलूप तीनदा ओढून बघितलं. मग उत्तर लिहिलं, 'नाही.' कितीतरी वर्षांत तिने कुणाला एका शब्दाचं उत्तर दिलं नव्हतं. त्यापुढे हात जोडल्याचं चित्र टाकायला अंगठा गेलाच होता, पण तिने तो आवरला.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं. कुलूप ठीक. टॉवेल ठीक, घडी तशीच. फक्त कपडे ओले होते.

तरीही तिने बाबांची खोली आवरली. चादर बदलली, गोळ्यांची डबी उशाशी ठेवली, बाथरूमचं दार ओढून घेतलं. ठरवलं, की ताईला सगळं खरं सांगायचं. बाबांचा हात धरायचा आणि चार मिनिटांचंही सांगून टाकायचं. मग त्यांनी ताईकडे जायचं म्हटलं तरी चालेल. निदान सगळं ऐकून जातील.

अकरा वाजले. सव्वाअकरा. भिंतीतला आवाज सकाळपासून बंद होता, आणि ती शांतता कानात दडे बसावेत तशी बसली होती. पावणेबाराला एकदा बेल वाजल्यासारखी वाटली. ती दचकली, धावत गेली, दार उघडलं. जिना रिकामा होता.

साडेबाराला तिने ताईला फोन लावला.

"अगं ताई, कुठे आहात? निघालात ना?"

"निघालात म्हणजे? घरी पोचले पण मी." मागून ताईच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. "काय गं, काही राहिलं का माझं? चष्मा राहिला का?"

"बाबा कुठेत?"

"हा काय प्रश्न! झोपले नाहीत का अजून?" ताई हसली. "पण काही म्हण हं, मी तुला आज मानलं. दार उघडलंस, बाबांना धरलंस, बॅग घेतलीस, कुठे गडबड नाही की घाबरणं नाही. आणि बाथरूम! काय चकचकीत झालंय! बाबा तर त्या दांड्याला धरून असे उभे राहिले, जसे काही गाडीचं स्टिअरिंगच हातात आलंय. मला म्हणाले, बघ, माझी ससुली. अगं, मला रडूच आलं."

तिने वळून बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"ऐकतेयस ना? मी उगाच तुला नाही नाही ते बोलले. माफ कर हं. चल, ठेवते, तिकडे भांडं ओसंडतंय."

७

बाबांच्या खोलीत चादर ताठ होती. उशीवर खळगा नव्हता.

बाथरूमचं दार तिने ढकललं. डावीकडे प्लास्टर, उजवीकडे प्लास्टर, उंबरा जागच्या जागी, टब रिकामा. भोकातून मात्र उजेड येत होता. बाहेरच्या उन्हाचा नव्हे. पांढरा, ट्यूबलाइटचा, भिंतींवरून परतून आलेला असावा तसा.

इथून पळून जावं असं तिच्या अंगातल्या प्रत्येक हाडाला वाटत होतं. पण त्या दिवशी चार मिनिटं पाय हलले नव्हते, हे आठवून ती पुढे झाली, वाकली आणि भोकाला डोळा लावला.

पांढऱ्या टाइल्स. सांधे इतके सरळ, की पट्टीने आखल्यासारखे. स्टीलचा दांडा. दांड्यावर एक हात, सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, मनगटावर अजून दवाखान्याची कागदी पट्टी. अंगठ्याचं नख लहानपणापासून तिने पाहिलेलं, मधोमध चिरलेलं.

"बाबा," ती म्हणाली. पण ते इतकं हळू निघालं, की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात समोर काहीतरी ओलं, पांढरं सरकलं आणि उजेड गेला. तिच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर हातोडीचा लाकडी दांडा पडला. ठक. ठक ठक. अगदी भरीव.

ती मागे कोलमडली, टबाला अडखळून खाली बसली. फोन हातातच होता. मिस्त्री. दुसरं कोण? वाट त्यालाच माहीत होती. तिने त्याचा नंबर लावला आणि बुधवारपासून भिंतीपुढे घोकलेलं सगळं घशाशी आणून ठेवलं. आज ओरडायचं. आज सगळ्यात जास्त ओरडायचं, दहा घरांत कुणी ओरडलं नसेल इतकं, म्हणजे तो इकडे येईल.

रिंग वाजू लागली. तिच्या कानात, आणि क्षणभराने भिंतीतही. पलीकडे बेसिनच्या कडेला ठेवलेला फोन थरथरत वाजावा, तशी.

एक. दोन. तीन.

"ससुल्या!" भिंतीपलीकडून बाबांनी हाक मारली. "अगं, मिस्त्रीचा फोन वाजतोय!"

तिने ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ बाबा! घेते!"

ते तिच्या तोंडून आलं नव्हतं. ते पलीकडून आलं, तत्काळ, हाक पुरती संपायच्या आत. पावलं आली. कानातली रिंग थांबली.

"हं, बोला," तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, अजिबात न दचकता.